फ्रीडेनबर्गची साइट डायरी, मुक्काम पाथर्डी फाटा, नाशिक

२२ जून
हवामान: सकाळपासून संततधार. चालू यंत्रं: शून्य. कामगार: शून्य.

खरी साइट डायरी कालपासून बंद. पोकलेन यार्डात ताडपत्रीखाली, जेसीबी शेडमध्ये, दोन्ही हायवा टिपर भिंतीला लागून. आडगावच्या काळ्या मातीत पाणी मुरलं की माणसाच्या पायाला किलो-किलो चिखल लागतो, तिथे वीस टनांचं यंत्र काय चालणार? दिवाळीपर्यंत मातीकाम उघडीप मिळेल तेवढंच.

ही दुसरी वही काढायला कारण चिरंजीव. सिव्हिल डिप्लोमाचं दुसरं वर्ष संपलं आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालीत, म्हणून त्याला दुसरं पोकलेन हवंय. कर्जावर. बँकेचे फॉर्मही आणून ठेवलेत. त्याचे बाबा "बघू" म्हणाले, म्हणजे विषय माझ्या टेबलावर आला. आमच्या मातीकामाच्या फर्मचे हिशेब गेली १९ वर्षं मीच बघते.

पोरगं दिवसभर लॅपटॉपवर जे बांधकामाचं गेम खेळतं ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. कन्स्ट्रक्शन सिम्युलेटर. जर्मनीतल्या वेल्टनबाउअर नावाच्या स्टुडिओने बनवलेलं, सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं. यंत्रं कॅटरपिलर, लीबहेर, बॉबकॅट, मॅक अशा खऱ्या कंपन्यांची. दोन नकाशे आहेत: अमेरिकेतलं सनी हेवन आणि जर्मनीतलं फ्रीडेनबर्ग, दोन्ही गावं काल्पनिक.

मी म्हटलं, "यात कंपनी शून्यापासून चालवून दाखव. यंत्रं तू चालव, वही मी लिहिते. महिन्याने बघू." तो इतका खूश झाला की त्याला अट कळलीच नाही.

२३ जून
फ्रीडेनबर्ग निवडलं. कंपनीला आपल्याच फर्मचं नाव दिलं.

सुरुवातीला हापे नावाचा एक अनुभवी गडी भेटतो आणि काम शिकवतो. चिरंजीवांना त्याचं ऐकायचंच नव्हतं, बटणं दाबून पुढे पळत होते. नव्या माणसाने हे करू नये. हापे सांगतो ती सुरुवातीची कामं सोपी असतात, पण खोदणं, भरणं, माल चढवणं, ट्रक मागे घेणं हे सगळं त्यांतच हाताखालून जातं. आपल्याकडे नवा पोरगा आला की आधी सहा महिने ग्रीस मारायला ठेवतात, तसंच हे.

पहिला अपघात सातव्या मिनिटाला. जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि आमचा ड्रायव्हर पाथर्डी फाट्याचा. सरळ समोरच्या गाडीच्या अंगावर. अमेरिकेचा नकाशा घेतला तरी तेच, तिथेही उजवीकडूनच. डावीकडे वळताना लांबून आणि उजवीकडे वळताना जवळून, एवढं पहिले दोन दिवस तोंडाने म्हणत चालवावं. तो म्हणत होता. मी शेजारी बसून "उजवी, उजवी" ओरडत होते.

२५ जून
मी भाजी आणायला गेले तेवढ्या वेळात कंपनी बुडाली.

पहिल्या दोन-तीन कामांचे पैसे आले होते. चिरंजीव थेट यंत्रांच्या डीलरकडे गेले आणि एक मोठा व्हील लोडर विकत घेऊन आले. पिवळाधमक. पुढचं काम निघालं छोट्या भिंतीचं, त्यात लोडरचा काही संबंधच नाही. सामान आणायला पैसे नाहीत, सामान नेणारा ट्रक भाड्याने घ्यायला पैसे नाहीत, अंगणात लोडर उभा.

मी काही बोलले नाही. वहीत "लोडर, कामाचे तास: ०" एवढंच लिहिलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.

जुन्या सेव्हवरून परत सुरुवात केली. इथून पुढे नियम: काही विकत घ्यायच्या आधी वेगळी सेव्ह करून ठेवायची. खऱ्या धंद्यात ही सोय असती तर नाशिकमधली निम्मी यंत्रं हप्ते थकल्यावर ओढून नेणाऱ्या ट्रेलरवर दिसली नसती.

२६ जून
आज खेळलो नाही, फक्त वाचलं. कामाचा कागद घेण्याआधी त्यात काय-काय दिसतं ते बघितलं: कुठली यंत्रं लागणार, किती टप्पे, साइट नकाशावर कुठे. चिरंजीव फक्त शेवटचा आकडा बघतात, किती मिळणार. मी उलट्या बाजूने वाचते. टेंडरची जाहिरात वाचताना अंदाजपत्रकाची रक्कम सगळ्यात शेवटी बघायची, ही सवय मला एका जुन्या कारकुनाने लावली.

आतापर्यंत दिसलेल्या कामांतून यंत्रांच्या तीन ओळी पाडल्या. जवळजवळ प्रत्येक कामात लागतात ती: माल उचलायची क्रेन पाठीवर असलेला ट्रक, टिपर, मध्यम एक्स्कॅव्हेटर (म्हणजे आपलं पोकलेन). अधूनमधून लागतात ती: रोलर, लोडर, काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर. आणि एखाद्याच कामात लागणारी: मोठी मोबाइल क्रेन, टॉवर क्रेन, लांब हाताने काँक्रीट पंप करणारा बूम प्लेसर, डांबर पसरणारा पेव्हर.

विकत घ्यायची ती पहिल्या ओळीतलीच, तीही एकेक करून. बाकी सगळं भाड्याने. त्यातही पहिला मान क्रेनवाल्या ट्रकला. दिसायला तो अगदी गरीब आहे, कुणी त्याच्यासोबत सेल्फी काढणार नाही. पण विटांचे पॅलेट, सळया, शटरिंगचं सामान, पाइप, सगळं दुकानातून साइटवर तोच नेतो आणि तोच उतरवतो.

२८ जून
पाऊस थांबून-थांबून. मामा आले होते उचल न्यायला.

मामा म्हणजे आमचे पोकलेन ऑपरेटर. वय ५५ च्या पुढे, या हातांनी अर्ध्या गंगापूर रोडची तळघरं खोदलीत. चहा होईपर्यंत पडद्यावर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे पोरगं माती खोदतंय का खाजवतंय?"

झालं. "मामा, बसा तुम्हीच," म्हणून त्याने गेमपॅड हातात दिला.

पहिली दहा मिनिटं मामांचे हाल. काठ्यांचं काम तेच आहे: डावी काठी आडवी केली की वरचा भाग फिरतो, पुढे-मागे केली की आर्म (बकेटकडचा हात), उजव्या काठीने बूम (यंत्राकडचा मोठा हात) आणि बकेट. आमच्या यंत्रावर हेच आहे. पण मामा म्हणाले, "ही काठी शेंगदाण्याएवढी, हिला बोट पुरत नाही. आणि हाताला ओझं लागत नाही ना. बकेट दगडाला टेकली की इंजिनाचा आवाज बसतो, त्यावरून मला कळतं खाली काय आहे." मग त्यांनी आवाज वाढवायला सांगितला, कॅमेरा केबिनच्या आत घ्यायला लावला आणि सैल बसले.

त्यानंतर जे झालं ते मी जमेल तसं उतरवून घेतलं, कारण गेममध्ये हे कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट उभं राहण्याची. चिरंजीव खड्ड्याच्या मध्ये यंत्र घालून गोल-गोल फिरून खोदत होते आणि स्वतःभोवतीच विहीर पाडून घेत होते. मामा लांबच्या टोकापासून सुरू करतात आणि मागे-मागे सरकत बाहेर पडायच्या वाटेकडे येतात. यंत्राखालची माती शेवटपर्यंत अखंड. "आत जायचा रस्ता ठेवतात सगळे, बाहेर यायचा ठेवत नाहीत." गेममध्ये अडकलेलं यंत्र परत जागेवर आणायची सोय आहे, पण तिची सवय लागली की खोदायची शिस्त येत नाही.

दुसरी बकेट भरायची. नवा माणूस बकेट सरळ खाली खुपसतो. मामा दात थोडे तिरपे ठेवून पातळ थर ओढतात, आर्म जवळ घेत-घेत, आणि बकेट शेवटी मिटतात. तीन पातळ थरांत जेवढी माती निघते तेवढी एका खोल खुपसणीत निघत नाही, वर तळ खडबडीत होतो तो वेगळाच.

तिसरी लेव्हल. गेममध्ये किती खोदायचं ते जमिनीवर खुणांनी दिसतं, तरी पोराचा तळ लाटांसारखा. मामांनी त्याला कागदावर काढून दाखवलं. आर्म लांब असताना जवळ ओढला की बकेटचं टोक सरळ रेषेत येत नाही, कमानीत येतं: आर्म उभा होईपर्यंत खाली जातं, उभ्याच्या पुढे आत आलं की वर चढतं. म्हणून पहिलं निम्मं अंतर बूम हळूच उचलत जायचं, उरलेलं निम्मं हळूच उतरवत. पोराने भूमितीत कंस आणि त्रिज्या शिकल्यात, पण हे त्याला आज समजलं.

चौथी मामांनी सांगितली नाही, मी बघितली. ते मधून-मधून थांबत होते. आठ-दहा बकेटा झाल्या की हात सोडून नुसतं बघायचे.

काम ९० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर चिरंजीव कोपऱ्यातली मूठभर माती ओरबाडत बसले. मामा म्हणाले, सोड. टप्प्याला थोडी सूट असते, पुढे-मागे एकदा सपाट हात फिरवला की तो पूर्ण होतो. खऱ्या साइटवर ती मूठभर माती फावड्याने बाया काढतात. गेममध्ये फावडेवाल्या बाया नाहीत, हे मात्र मला खटकलं.

मामा साडेआठला गेले. उचल न्यायची विसरले, परत आले.

२९ जून
लाइट नाही. नोंद नाही.

२ जुलै
मामांच्या धड्यानंतर खोदाई वेगात, आता टिपर तुंबतोय.

यात चिरंजीवांनी स्वतःच एक गोष्ट शोधली, म्हणून श्रेय त्याला. टिपर एक्स्कॅव्हेटरच्या पाठीमागे उभा केला तर प्रत्येक बकेटेला अर्धं वर्तुळ फिरावं लागतं. कोपऱ्याला, काटकोनाच्या आत उभा केला की निम्मंच. एका गाडीला पंधरा-वीस बकेटा धरल्या तर दिवसाचा फरक किती पडतो बघा. यंत्र उंचावर आणि टिपर खालच्या पातळीवर मिळाला तर आणखी बरं, बूम कमी उचलावा लागतो. फक्त बकेट केबिनवरून न्यायची नाही. गेममध्ये ड्रायव्हर मरत नाही, पण वाईट सवय तीच लागते.

माती खडीच्या खाणीवर नेऊन रिकामी करता येते. इथे मी हिशेब विचारला: खड्डा एवढा, गाड्या किती? त्याने लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली करून सांगितलं. चूक. खोदलेली माती फुगते. आपला मुरूम चांगला पाव हिस्सा वाढतो, कधी त्याहून जास्त. खड्ड्यात चार ब्रास मोजला तर गाडीत पाच भरतो. गेम हा फुगवटा धरतं की नाही हा प्रश्न नाही, अंदाज देताना त्याने धरला पाहिजे. जर्मन लोक घनमीटरमध्ये मोजतात. आपला ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. हे त्याच्या हातावर पेनाने लिहून ठेवलं.

शिवाय फ्रीडेनबर्गमध्ये मुरूम उचलायला रॉयल्टीची पावती लागत नाही. तहसीलच्या चकरा नाहीत. अगदी स्वर्ग.

५ जुलै
आज स्लॅब. काँक्रीटचा दिवस असल्यामुळे मी सवयीने सकाळी नारळ फोडायचा विचार केला.

क्रम असा. मिक्सर प्लांटवरून भरून आणायचा, बूम प्लेसर साइटवर उभा करायचा, त्याचे पाय चारही बाजूंना पसरून टेकवायचे, मग बूम उलगडायचा, मग मिक्सर मागे घेऊन पंपाला लावायचा. चिरंजीवांनी बूम प्लेसर कुंपणाला चिकटवून उभा केला आणि पाय पसरायला जागाच उरली नाही. सगळं गुंडाळून परत. क्रेनचंही हेच. पाय पसरणारं कुठलंही वाहन आणलं की उतरून आधी चालत फेरी मारायची: पाय कुठे येतील, बूम कुठल्या बाजूने जाईल, दुसरी गाडी मागे कशी येईल. या एका फेरीत अर्धा तास वाचतो.

बूम प्लेसर आणि मिक्सर दोन्ही भाड्याचे. म्हणून भाड्याची वस्तू सगळ्यात शेवटी आणायची: आधी शटरिंग पूर्ण, सळई पूर्ण, आणि मगच फोन. पोराने उलटं केलं. काँक्रीटची गाडी आधी आणून उभी केली आणि मग सळया आणायला गेला. गेममधला मिक्सर बिचारा तासन्‌तास फिरत राहतो. आपल्याकडची आरएमसी (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट) भरल्यापासून दोन तासांत उतरवावी लागते, भारतीय मानक तसं सांगतं, आणि मुंबई नाक्यावर गाडी अडकली तर त्यातला बराच वेळ तिथेच जातो.

स्लॅब ओतला आणि लगेच पुढचा टप्पा. पाणी मारणं नाही, गोणपाट नाही, शटरिंग काढायला थांबणं नाही. पोराला वाटलं असंच असतं. मी त्याला टेरेसवर नेऊन आपल्याच घराच्या गच्चीची चीर दाखवली. तेव्हा घाई झाली होती.

७ जुलै
गोदेला पाणी आलंय. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं म्हणून चिरंजीव मित्रांबरोबर बघायला गेले. खेळ नाही, म्हणून मी एकटीनेच वही तपासली.

या गेममध्ये मला सगळ्यात जास्त खोटं काय वाटलं असेल तर पैसे. काम संपलं की पैसे. त्याच क्षणी. बिल नाही, मोजमाप पुस्तिका नाही, "साहेब रजेवर आहेत" नाही. मागच्या मार्चमध्ये संपवलेल्या एका रस्त्याच्या मातीकामाचे पैसे आम्हाला अजून यायचेत. मुख्य कंत्राटदार म्हणतो वरून आलं नाही, वरचे म्हणतात निधी नाही. डिझेलवाल्याला हे कोण सांगणार? त्याला महिन्याच्या महिन्याला लागतात. वर अनामत म्हणून बिलातून कापलेली रक्कम दोषदायित्वाचा काळ (कामातले दोष आम्ही दुरुस्त करून द्यायचे तो) संपेपर्यंत अडकलेलीच.

म्हणून आजपासून आमच्या फ्रीडेनबर्गच्या कंपनीला मी स्वतःचा एक नियम लावला. कामाचे पैसे आले तरी ते पुढची दोन कामं संपेपर्यंत "आलेच नाहीत" असं धरायचं. खात्यात दिसतात, पण हात लावायचा नाही. खेळणाऱ्या कुणालाही मी हे सुचवेन. गेम एकदम अवघड होतं आणि पहिल्यांदा खरं वाटतं.

चिरंजीव परत आल्यावर नियम ऐकून म्हणाले, "आई, हा गेम आहे." मी म्हटलं, हो ना, म्हणून तर सोपं जाईल.

१० जुलै
नव्या नियमाने कंपनीची तब्येत उतरली. तीन दिवस नुसती छोटी कामं.

मात्र त्यातूनच एक चांगलं निघालं. पैसे नसल्यामुळे यंत्रांच्या ने-आणीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. एक्स्कॅव्हेटर एका साइटवरून दुसरीकडे न्यायचा तर दोन रस्ते: पैसे देऊन गेमकडूनच हलवून घ्या, नाहीतर स्वतः लो-बेड ट्रेलरवर चढवा, बांधा आणि चालवत न्या. पहिला झटपट पण पैसे खातो. दुसरा फुकट वाटतो पण संध्याकाळ खातो. आम्ही तिसरा काढला: कामं निवडतानाच नकाशावर जवळजवळची निवडायची. एकाच पेठेतली दोन कामं असली तर यंत्र रांगत जातं, ट्रेलर लागतच नाही. आपण सातपूर आणि अंबड अशी जोडी लावतो, सातपूर आणि नाशिकरोड लावत नाही. द्वारका चौकातून लो-बेड नेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माल चढवल्यावर बांधायला विसरायचं नाही. विसरलो होतो. विटांचं पॅलेट पहिल्याच वळणावर फ्रीडेनबर्गच्या रस्त्याला अर्पण.

१५ जुलै
चिरंजीवांचे दोन मित्र ऑनलाइन आले, एक सिडकोतून, एक मखमलाबादहून. एकत्र खेळता येतं, चारजणांपर्यंत. तिघांनाही एक्स्कॅव्हेटरच चालवायचा होता. एका खड्ड्यात तीन यंत्रं आणि टिपरवर कुणीच नाही. शेवटी मी खुर्ची ओढून टिपर घेतला. माझी पहिली स्वतंत्र खेप! मागे घेताना खांब पाडला, तो गणला नाही.

वाटणी आधी करावी: एक खोदणारा, एक वाहणारा, एक माल आणणारा.

१८ जुलै
अनुभवाचे गुण साठून कौशल्यं वाढवता येतात. पोराने आठवडाभर वाटलेच नव्हते, पडून होते. जे यंत्र रोज वापरता त्याच्यावर आधी खर्च करा, बाकी नंतर बघा. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

२० जुलै
उघडीप. आज हिशेबाचा दिवस. महिना भरायला दोन दिवस आहेत, पण रविवार मिळाला.

वहीतून प्रत्येक यंत्राचे दिवस काढले. बावीस संध्याकाळी आम्ही खेळलो. क्रेनवाला ट्रक त्यातल्या १९ दिवशी हलला. एक्स्कॅव्हेटर १४. टिपर १३. रोलर ४. मोठी क्रेन एकदाच. क्रेनवाला ट्रक आणि एक्स्कॅव्हेटर आम्ही विकत घेतले होते, टिपर तिसऱ्या आठवड्यात घेतला. चौथं काही घ्यायची वेळ आली नाही. कंपनी नफ्यात आहे, माझा "आलेच नाहीत" नियम धरूनही. चिरंजीव छाती फुगवून बसले.

मग मी कपाटातून खरी लॉगबुकं काढली. आपल्या पोकलेनची, मागच्या वर्षीची, मामांच्या अक्षरातली. तासांचा मीटर सकाळी किती, संध्याकाळी किती, डिझेल किती लिटर. म्हटलं, आता हीही बेरीज कर.

त्याला दीड तास लागला. बेरीज आली १,३४० तास.

पुढचं त्याच्याकडूनच करवून घेतलं. नव्या यंत्रासाठी ४५ लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, चार वर्षं: हप्ता महिन्याला १ लाख १४ हजारांच्या आसपास. वर्षाचे जवळजवळ १३ लाख ७० हजार. तासाला यंत्र डिझेल किती खातं? १२ ते १५ लिटर. डिझेल, ऑपरेटर, दात, ग्रीस, फिल्टर, सगळं वजा जाऊन आमच्या वहीप्रमाणे तासाला ७०० रुपये हातात राहतात, तेही पार्टीने वेळेवर दिले तर. तेव्हा नुसता हप्ता फेडायला वर्षाला साधारण १,९५० तास लागणार. पावसाचे चार महिने काढले की उरले आठ. महिन्याला २४४ तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज जवळजवळ साडेनऊ तास, एकही खाडा नाही, एकही बिघाड नाही, एकाही साइटवर "आज थांबा" नाही.

"आणि पहिल्या यंत्रालाच १,३४० मिळाले," तो आपणहूनच म्हणाला.

त्यानंतर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, सिंहस्थाची कामं आली की तास वाढतील. हे खरं आहे, मी नाही म्हटलं नाही. दोन वर्षं वाढतील. हप्ते चार वर्षं आहेत.

त्याचे बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "त्या जर्मन गावात तू क्रेन का नाही घेतली विकत?"

"एकदाच लागली."

वर्तमानपत्र परत वर गेलं.

४ ऑगस्ट
मध्ये दोन आठवडे नोंदी नाहीत, कारण खेळ नव्हता. कॉलेज सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) मातीचे नमुने बघायला वर्ग गेला होता, तिथे याने मुरूम किती फुगतो हे सरांना विचारलं म्हणे.

बँकेचे फॉर्म ड्रॉवरमध्ये आहेत, फाडले नाहीत. दिवाळीनंतर काम वाढलं तर दुसरं पोकलेन महिन्याच्या भाड्यावर घ्यायचं, ऑपरेटर त्यांचा, डिझेल आपलं, असं ठरलंय. सहा महिने त्याचीही लॉगबुक चिरंजीवांनी लिहायची. मग फॉर्म काढू.

आज चार दिवसांची उघडीप बघून मामा यार्डात आले. मखमलाबादला शेततळ्याचं छोटं काम आहे. ताडपत्री काढली, किल्ली फिरवली, बॅटरी डाउन. पोरगा हायवा जवळ आणून जंपर केबल लावायला धावला. मामा केबिनमधून ओरडले, "वहिनी, त्या परदेशातल्या घराचा स्लॅब झाला होता ना? पुढे काय झालं त्याचं?"

छप्पर बाकी आहे. काम ७२ टक्क्यांवर थांबलंय, भाड्याची क्रेन परत पाठवून.